बँकॉकला जा, पटाया सोडा

आंबिवली, मोहने, शहाड, टिटवाळा या पट्ट्यातल्या मित्रांच्या ग्रुपवर ‘यंदा फॉरेन करू या’ असा मेसेज पडला की पुढचे दोन प्रश्न यायला वेळ लागत नाही. माणशी किती पडतील? आणि तेवढ्यात काय काय बघून होईल? मग कुणीतरी एजंटाची पीडीएफ टाकतो. बँकॉक-पटाया, कोरल आयलंड, सफारी वर्ल्ड, फ्लोटिंग मार्केट, नदीवरची डिनर क्रूझ, रोज सकाळी साडेसातला हॉटेलच्या दारात बस. माणशी खर्चाला स्थळांच्या संख्येने भागून ती सहल स्वस्त ठरवली जाते आणि परत आल्यावर तीच माणसं दोन दिवस झोप काढतात. माझ्या मते हा भागाकारच चुकीच्या आकड्याने केलेला असतो. तीन-चार दिवसांच्या परदेशी सहलीत पैसे थोडे मागेपुढे करता येतात, तास करता येत नाहीत. म्हणून मित्रांबरोबर खरोखर निवांत जायचं असेल तर शहर एकच असावं, हॉटेल एकच असावं, दिवसाला ठरवलेली गोष्ट एकच असावी, आणि कोणतं शहर हे विमानाच्या तिकिटापेक्षा घराच्या उंबऱ्यापासून मोजलेल्या वेळावरून ठरवावं.

हिशेब मांडूनच बघू. गुरुवारी संध्याकाळी सातला आंबिवलीचं घर सोडलं आणि मध्यरात्रीनंतरचं विमान पकडलं, तर साधारण साडेचार तासांनी बँकॉकला उतरताना तिथे सकाळ झालेली असते. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. पासपोर्टची रांग, सामान आणि शहरात जाणारी गाडी धरून हॉटेलच्या दारात पोहोचेपर्यंत तिथले नऊ वाजतात. परतताना रविवारी संध्याकाळी पाचला हॉटेल सोडायचं आणि सोमवारी पहाटे तीनच्या सुमाराला घरी. घर सोडल्यापासून घरी येईपर्यंत ऐंशी तास, त्यातले चोवीस नुसते जाण्यायेण्यात. उरले छप्पन्न. दोन रात्रींची झोप सोळा तास, म्हणजे चाळीस. चार जणांच्या आंघोळी, नाश्ता, कपडे, चार्जरची शोधाशोध यांत सहा तास कुणी न सांगता जातात. हातात राहिले चौतीस. त्यात पटाया घातलं की दीडशे किलोमीटरचा रस्ता, एका बाजूने दोन-अडीच तास. जाऊन-येऊन पाच तास गाडीत आणि दोन तास बॅगा भरण्या-उपसण्यात. चौतीसातले सात, म्हणजे पाचवा हिस्सा, एका समुद्रकिनाऱ्यापायी गेला. उलट त्याच शहरात एक रात्र वाढवली तर झोप आणि आवराआवर वजा जाऊन तेरा तास वाढतात आणि प्रवासाचा एक तासही वाढत नाही. पैसे वाढवायचेच असतील तर ते दुसऱ्या शहरावर घालवण्यापेक्षा तिसऱ्या रात्रीवर घालावेत, एवढं या आकड्यांतून उघड दिसतं.

या चोवीस तासांत आंबिवलीचा स्वतःचा वाटा मोठा आहे. पॅकेज विकणारे ‘एक्स मुंबई’ लिहितात, पण विमानतळाच्या जवळ राहणाऱ्याची मुंबई आणि कसारा मार्गावरच्या माणसाची मुंबई यांत दोन तासांचा फरक पडतो. कल्याणच्या पुढे लोकल आणि मेल-एक्सप्रेस एकाच जोडीच्या रुळांवरून धावतात. एखादी लांब पल्ल्याची गाडी रखडली की मागची लोकल अडकते, हे इथल्या कुणाला सांगायला नको. पावसाळ्यात उल्हास आणि काळू भरल्या की त्यात भर पडते. म्हणून विमानतळासाठी ठरवलेल्या लोकलच्या आधीची एक गाडी कायम हिशेबात धरावी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर आधीच्या दोन. रस्ता मात्र पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो एकने मरोळ नाका, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी टप्पा सुरू झाल्यापासून मेट्रो तीनने पुढचं एकच स्टेशन, की थेट टर्मिनल दोन. वाटेत सामान ओढावं लागतं, पण कल्याण-शिळ रस्त्यावर अडकून घामाघूम होण्यापेक्षा हे बरं.

यातली खरी खुबी वेळ निवडण्यात आहे. संध्याकाळी सगळी गर्दी मुंबईहून कल्याणकडे येत असते. त्या वेळी सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बॅग ठेवायला जागा मिळते. म्हणून मध्यरात्री ते दोनच्या दरम्यानचं विमान आपल्याला सोयीचं. पहाटे सहाचं विमान कागदावर छान दिसतं, पण तीन तास आधी पोहोचायचं तर रात्री तीनला तिथे हवं, आणि त्या वेळी ना लोकल ना मेट्रो. टॅक्सीचं भाडं तिकिटात मिळवलं की ‘स्वस्त’ विमानाचं सोंग उतरतं. परतीचंही तसंच. संध्याकाळी सहा-सातला मुंबईत उतरवणारं विमान टाळावं. घाटकोपरहून कसारा लोकलमध्ये त्या गर्दीत बॅग घेऊन शिरणं हे कुणाही समंजस माणसाच्या कुवतीबाहेरचं आहे. दुपारी बारापर्यंत उतरवणारं घ्यावं, नाहीतर सरळ मध्यरात्रीनंतरचं घेऊन टॅक्सीचे पैसे आधीच बाजूला काढावेत. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. तिथून परदेशी उड्डाणं वाढत जातील तसा कल्याणकरांना हा हिशेब नव्याने मांडावा लागेल.

आता शहर कोणतं? मोजमाप एकदा तासांचं ठरलं की युरोप आपोआप गळतो. नऊ-दहा तासांचं उड्डाण, शेंगेन व्हिसाचे ९० युरो, अर्जाचा निकाल यायला नियमाप्रमाणेच पंधरा दिवस, आणि तेवढं करून तीन रात्री राहायचं, यात शहाणपण नाही. युरोप दहा-बारा दिवसांसाठी राखून ठेवावा. पाच-सहा तासांच्या आत येणारी शहरं आपल्याला पुरेशी आहेत. कोलंबोला घड्याळही बदलावं लागत नाही. दुबई तीन तासांवर आहे, पण मे ते सप्टेंबर तिथे दिवसा रस्त्यावर पाय ठेववत नाही आणि फिरणं मॉलमध्येच होतं. मग कल्याणचा मॉल काय वाईट? क्वालालंपूरला विमानतळावरून जलद रेल्वे अठ्ठावीस मिनिटांत शहराच्या मध्यात नेते, ब्रिकफील्ड्समध्ये केळीच्या पानावर जेवण मिळतं, आणि बाटू केव्ह्जच्या २७२ पायऱ्या चढायला एक सकाळ पुरते. सिंगापूर नेटकं आहे पण व्हिसा अधिकृत एजंटामार्फत आधी काढावा लागतो आणि राहणं महाग. काठमांडूला पासपोर्टशिवायही जाता येतं. मात्र विमानाने जाताना मतदार ओळखपत्र लागतं, पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसाचं आधार कार्ड चालत नाही, आणि विमानतळावर जाऊन हे कळलं तर परतीची लोकलच पकडावी लागते. बँकॉकचं उदाहरण मी पुढे धरलं आहे, कारण आपल्याकडचे मित्र सर्वांत जास्त त्याचंच नाव काढतात आणि त्याच्याच सहलीचा सर्वांत जास्त चिवडा करतात.

पहिला आक्षेप अर्थातच असा येईल की एवढे पैसे खर्च करून एकच शहर बघायचं? यामागे मराठी मध्यमवर्गाची एक जुनी आणि समजण्यासारखी सवय आहे. परदेश आयुष्यात एकदाच घडणार असं धरून चालायचा तो काळ होता. पु. ल. देशपांडे यांचं ‘अपूर्वाई’ घराघरांत वाचलं गेलं त्यात परदेशवारीच्या दुर्मिळपणाचाही वाटा होता. पुढे १९८४ मध्ये सुरू झालेली केसरी, २०१३ मधली वीणा वर्ल्ड अशा कंपन्यांनी भाषेची, जेवणाची आणि एकटं पडण्याची भीती काढून टाकली. परदेश आपल्या आवाक्यात आणण्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. आई-वडिलांना पहिल्यांदा बाहेर पाठवायचं असेल, दहा दिवसांत पाच देश बघायचे असतील, तर आजही अशी सहल घ्यावी. पण त्या सहलीचं वेळापत्रक चाळीस अनोळखी माणसांना एकत्र हाकण्यासाठी केलेलं असतं. चार जुन्या मित्रांनी तीन दिवसांसाठी तेच अंगावर घेण्याचं काही कारण नाही. बँकॉकला पुन्हा जाता येतं. चार-साडेचार तासांवरचं शहर ही आयुष्यातली एकुलती एक संधी नाही. आणि एका शहरात पाहण्यासारखं संपतं असं वाटत असेल तर मीना प्रभू यांचं ‘माझं लंडन’ आठवावं. एकाच शहरावर जाडजूड पुस्तक झालं आणि मराठी वाचकाने ते आवडीने वाचलं. सात स्थळांपुढे वीस-वीस मिनिटं उभं राहून फोटो काढले तर एक ना धड, भाराभर चिंध्या.

दिवसाला एकच ठरलेली गोष्ट म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. पहिल्या सकाळी खोली बहुधा दुपारी दोनशिवाय मिळत नाही. बॅगा काउंटरवर ठेवून जवळपास खाऊन घ्यावं, लुम्पिनी बागेत तळ्याकाठी बसावं (तिथे भल्यामोठ्या घोरपडी मोकळ्या फिरतात, दचकू नये), दोनला खोली घेऊन सरळ झोपावं. त्या दिवशी तिकीट काढून काहीही बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला राजवाडा गाठावा. १७८२ मध्ये चक्री घराण्याचा पहिला राजा राम याने नदीच्या या काठावर राजधानी आणली तेव्हाचा हा वाडा. त्यातल्या पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांत संपूर्ण रामायण, त्यांचं ‘रामकियन’, भिंतींवर रंगवलेलं आहे. हनुमान, रावण, सेतू ही मंडळी ओळखायला आपल्याला गाईड लागत नाही, आणि आपल्या कथेत नसलेले प्रसंग शोधण्यात चौघांचा एक तास मजेत जातो. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. अर्धी चड्डी घालून गेलेल्याला दारातून परत पाठवतात. पलीकडेच वाट फोमध्ये ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे आणि त्याच आवारात थाई मालिशची जुनी शाळा. अकरा-साडेअकरापर्यंत हे आटोपतं. मग ऊन चढतं, आणि बँकॉकच्या उन्हात दुपारी फिरणं हा मूर्खपणा आहे. नदीवरची सार्वजनिक बोट पकडून परतावं, जेवावं, झोपावं, पत्ते खेळावेत. संध्याकाळी यावरातच्या चिनी गल्लीत पायी फिरावं. तिसऱ्या दिवसासाठी काहीच ठरवू नये. शनिवार-रविवार असेल तर चतुचकचा बाजार आहे, नसेल तर स्काय ट्रेनचं तिकीट काढून कुठल्याही स्टेशनवर उतरावं. राचप्रसोंग चौकात १९५६ पासून चतुर्मुख ब्रह्मदेवाची देवळी आहे आणि तिथून हाकेच्या अंतरावर मॉलसमोर गणपती. टिटवाळ्याच्या महागणपतीला मंगळवारी जाणाऱ्या माणसाने तिथे उभं राहून थाई मुली गणपतीपुढे कशा हात जोडतात ते जरूर बघावं. त्याला तिकीट नाही आणि कुठल्याही पीडीएफमध्ये ते नसतं.

कुणी म्हणेल, मोकळा दिवस ठेवला की ग्रुप हॉटेलातच लोळत राहतो, ‘काय करायचं’ यावर दोन तास वाद होतो आणि दिवस फुकट जातो. आक्षेप खरा आहे. त्याचा उपाय वेळापत्रक घट्ट करण्यात नाही, जाण्याआधीच्या तयारीत आहे. निवांतपणा तिथे जाऊन आपोआप मिळत नाही. विमानतळावरून कसं जायचं, राहायचं कुठे, पैसे कोण देणार, हे तीन प्रश्न घरी सुटलेले असले तरच तिथे डोकं रिकामं राहतं. हॉटेल स्काय ट्रेनच्या किंवा मेट्रोच्या स्टेशनपासून पायी पाच-सात मिनिटांवर घ्या. दोनशे बाट वाचवायला आडगल्लीत घेतलेलं हॉटेल दिवसातून दोनदा टॅक्सीला पैसे मोजायला लावतं. सुवर्णभूमी विमानतळावरून शहरात येणारी रेल्वे आहे. डॉन मुआंग हा दुसरा विमानतळ, तिकिटावर कोणता आहे ते बघूनच हॉटेलचा भाग ठरवा. आणि सगळ्यांनी सतत एकत्र असायलाच हवं हा हट्ट सोडा. एकाला बाजार हवा असतो, दुसऱ्याला झोप, तिसऱ्याला देऊळ. दुपारी बारा ते पाच ज्याने त्याने आपलं बघावं आणि पाचला ठरलेल्या जागी यावं, एवढा एक नियम केला तर निम्मी भांडणं होतच नाहीत.

माणसं किती, याला महत्त्व आहे. चार सर्वांत उत्तम: एक टॅक्सी, दोन खोल्या, जेवायला एक टेबल. सहा झाले की दोन टॅक्स्या आणि प्रत्येक चौकात ‘ते कुठे राहिले’. आठच्या पुढे ती सहल होते, तिला नेता लागतो. पैशाचं बोलणं मात्र लाज सोडून आधी करावं. शाळेपासूनच्या मित्रांत आज एकजण आयटीत असतो, दुसरा रिक्षा चालवतो, तिसऱ्याच्या वडिलांची देणी मोहन्याचा एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला तेव्हापासून अडकलेली असतात. हॉटेल आणि जेवण यांचा दर्जा ज्याचा खिसा सर्वांत लहान त्याने ठरवावा. वरच्यांनी आपली हौस स्वतंत्रपणे भागवावी. राहणं, टॅक्सी आणि सामायिक जेवण यासाठी सुरुवातीलाच सारखी काँट्रिब्युशन काढून एकाकडे द्यावी आणि बाकी सगळं टीटीएमएम. बायकांच्या गटांत यासाठी वर्षभर भिशी लावतात. ती पद्धत उत्तम, कारण कुणालाही एकरकमी तोशीस पडत नाही. फक्त ही भिशी ओळखीतली आणि तेवढ्याच माणसांची असावी. कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डाचे हप्ते बांधून चार दिवसांची मजा करायला कुणी निघत असेल, तर त्याला मित्रांनीच थांबवावं. त्याच्यासाठी सगळ्यांनी यंदा अलिबागला जावं. त्यात कमीपणा काही नाही.

पैशाच्या दोन-तीन व्यवहारी गोष्टी सांगायला हव्यात. आपल्या कार्डावर परदेशातला वापर बहुधा बंद असतो, तो बँकेच्या ॲपमधून चालू करून घ्यावा. परदेशात कार्ड वापरल्यावर बँक वर मार्कअप लावते, साधारण दोन ते साडेतीन टक्के. शिवाय दुकानातलं मशीन ‘रुपयांत की बाटमध्ये’ असं विचारतं तेव्हा बाट निवडावं, रुपये निवडले की दर त्यांचा लागतो आणि तो कधीच आपल्या फायद्याचा नसतो. थोडी रोकड इथूनच अधिकृत विनिमय केंद्रातून पावतीसह घ्यावी. विमान आणि हॉटेल एकत्र मिळून पॅकेज घेतलं तर कंपनी त्यावर टीसीएस हा आगाऊ कर घेते. तिकीट एकीकडून आणि हॉटेल दुसरीकडून स्वतंत्र घेतलं तर तो लागत नाही. कापलेला टीसीएस आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून पावतीवर पॅन बरोबर आहे ना, ते बघावं. प्रवास विमा घ्यावा. परदेशातल्या रुग्णालयाच्या एका रात्रीच्या बिलापुढे त्याचा हप्ता चिल्लर असतो.

घरच्यांचा आक्षेप वेगळाच असतो. बँकॉक म्हटलं की सासूबाईंच्या भुवया वर जातात आणि बायको काही बोलत नाही, जे जास्त धोक्याचं. त्या शहरातले काही भाग कशासाठी प्रसिद्ध आहेत हे नाकारून चालणार नाही; पण दीड कोटींच्या आसपास वस्तीच्या महानगराला दोन-तीन गल्ल्यांवरून ओळखणं हा आपलाच आळस झाला. हॉटेल त्या भागात घेऊ नये, हॉटेलचा पत्ता आणि विमानांचे क्रमांक घरी लिहून द्यावेत, रोज रात्री एक फोन करावा. संशय पुष्कळ कमी होतो. किंवा बायकोला सांगावं की पुढच्या वर्षी तुझ्या मैत्रिणींनी जा, मुलांना मी सांभाळतो. खरे धोके निराळेच असतात. राजवाड्यापाशी एखादा सभ्य माणूस ‘आज वाडा बंद आहे’ सांगून स्वस्त टुकटुकमध्ये बसवतो आणि रत्नांच्या दुकानात नेऊन सोडतो; हा जुना धंदा आहे, वाड्याच्या दारापर्यंत चालत जाऊन स्वतःच बघावं. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि जून २०२५ मध्ये त्यावर पुन्हा निर्बंध आणले. या मधल्या गोंधळात बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांतून हायड्रोपोनिक गांजा मुंबई विमानतळावर सीमाशुल्क विभागाने वारंवार पकडला आहे. तेव्हा कुणी फुकट तिकीट देऊन येताना एक बॅग आणायला सांगितली, किंवा तिथे भेटलेल्याने ‘एवढं पार्सल घेऊन जा’ म्हटलं, तर तो मित्र नव्हे. अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याखाली जामीन मिळणंही अवघड होऊन बसतं. ई-सिगारेट तिथे बंदी असलेली वस्तू आहे, तीही नेऊ नये. आणि थायलंडमध्ये नोकरीचं आमिष दाखवून तरुणांना म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेल्याचे प्रकार २०२२ पासून उघडकीस आल्यामुळे एकट्या-दुकट्या तरुणांना इमिग्रेशनवर जास्त प्रश्न विचारले जाऊ शकतात. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून जवळ ठेवलं की दोन मिनिटांत सुटका होते.

जेवणाची भीती अवाजवी आहे, पण निराधार नाही. थाई स्वयंपाकात माशाचा सॉस मिठासारखा पडतो, भाजीतही. शुद्ध शाकाहारी माणसाने पिवळ्या फलकावर लाल अक्षरांत लिहिलेलं ‘जे’ हे थाई चिन्ह ओळखायला शिकावं. तिथे मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो. फाहुरात या भारतीय वस्तीत पोळी-भाजी मिळते. इथून चिवडा, भाकरवडी, मेतकूट न्यायला हरकत नाही, मात्र लोणचं हातातल्या बॅगेत चालत नाही आणि सुकं खोबरं पेट घेऊ शकतं म्हणून विमानातच मनाई आहे. दुबई किंवा सिंगापूरला जाणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी: तिथे खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. दिवाळीनंतर निघताना आईने प्रेमाने दिलेले अनारसे घरीच खाऊन टाकावेत.

राहिले कागद. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियाने त्याच वर्षी १ डिसेंबरपासून भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली. अशा सवलती त्या त्या सरकारच्या मर्जीवर असतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावर नियम वाचावा, एजंटाच्या शब्दावर जाऊ नये. १ मे २०२५ पासून थायलंडला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. ते मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारं संकेतस्थळ खोटं समजावं. दहावी न झालेल्या मित्राच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे काही देशांत जाण्याआधी सरकारी परवानगी हवी, असा शेरा असतो आणि थायलंड, मलेशिया, अमिरात हे देश त्या देशांच्या यादीत आहेत, म्हणून तो बिचकतो. ती परवानगी नोकरीसाठी जाणाऱ्याला लागते, पर्यटकाला नाही; परतीचं तिकीट दाखवायची तयारी ठेवावी, बस. नवा ३६ पानी पासपोर्ट १,५०० रुपयांत निघतो, तत्काळ हवा असेल तर आणखी २,०००. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये सेवा केंद्र आहे, पण अपॉइंटमेंट आणि पोलीस पडताळणी यांना लागायचा तो वेळ लागतोच.

परतीचा दिवस शक्य असेल तर शनिवार ठेवा. एक सुट्टी वाया गेली असं वाटेल, पण सोमवारी पहाटे तीनला घरी येऊन सातची लोकल पकडणाऱ्याचा थकवा बुधवारपर्यंत उतरत नाही, आणि निवांत म्हणून केलेल्या सहलीचा मग उपयोग काय? रविवार घरचा असू द्या. आणि ग्रुपवर पुढची पीडीएफ पडण्याआधी प्रत्येकाने आपल्या पासपोर्टची मुदत कधी संपते ती तारीख तिथे लिहा. प्रवासाच्या दिवशी ज्याच्या पासपोर्टला सहा महिने उरत नसतील, त्याचा अर्ज आधी जाऊ द्या, तिकीट त्यानंतर.